विषाणू एक, देह अनेक

न्यूयॉर्कचे चित्रकार स्टीफन क्रोन यांचा जोडीदार १९८२ साली गेला. ज्या आजारानं तो गेला, त्याला ‘एड्स’ हे नाव त्याच वर्षी मिळत होतं. पुढची बारा-चौदा वर्षं क्रोन मित्रांच्या अंत्यविधींना जात राहिले. लागण व्हायची तर ती त्यांनाही व्हायला हवी होती. माणसं तीच, शहर तेच, काळ तोच. तरीही चाचणी दर वेळी निगेटिव्ह येई. शेवटी तेच संशोधकांच्या मागे लागले: माझ्या रक्तात काय वेगळं आहे ते शोधा.

न्यूयॉर्कच्याच एरन डायमंड एड्स संशोधन केंद्रात बिल पॅक्स्टन हे संशोधक अशाच माणसांच्या शोधात होते. त्यांनी क्रोन यांच्या रक्तातल्या सीडी४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांना लक्ष्य करतो त्या प्रतिकारपेशी, वेगळ्या काढल्या आणि त्यांच्यात एचआयव्ही सोडला. पेशींना लागण होईना. विषाणूची मात्रा वाढवली, पुन्हा वाढवली, नेहमीच्या कितीतरी पट केली, तरी होईना.

उत्तर १९९६ च्या उन्हाळ्यात मिळालं. पेशीत शिरायला एचआयव्हीला सीडी४ हे प्रथिन लागतं, हे १९८४ पासून माहीत होतं. पण ते एकटं पुरत नाही, जोडीला आणखी काहीतरी लागतं, अशी शंका होती. मे महिन्यात एडवर्ड बर्गर यांच्या चमूनं असं पहिलं जोड-प्रथिन शोधलं आणि जूनमध्ये अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दुसरं: सीसीआर५. लागण होताना शरीरात पाय रोवणारा विषाणू बहुधा याच सीसीआर५ चा आधार घेतो. ऑगस्टमध्ये क्रोन आणि त्यांच्यासारख्याच आणखी एका माणसाच्या पेशींचं कोडं सुटलं. दोघांच्याही सीसीआर५ जनुकात बत्तीस अक्षरं गाळलेली होती, आईकडून आलेल्या प्रतीत आणि वडिलांकडून आलेल्या प्रतीतही. त्यामुळे ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर पोचतच नव्हतं.

त्याच सुमारास ब्रसेल्समध्ये मार्क पारमेंतिये आणि अमेरिकेत मायकेल डीन व स्टीफन ओब्रायन यांचे चमू त्याच जनुकापाशी पोचले. डीन-ओब्रायन यांनी लागण झालेल्या १३४३ जणांचं रक्त तपासलं. दोन्ही प्रतींत गाळलेली अक्षरं असलेला एकही माणूस त्यांत निघाला नाही. विषाणूशी संबंध येऊनही निगेटिव्ह राहिलेल्या ६१२ जणांत मात्र असे १७ निघाले. ज्यांच्यात एकच प्रत अशी असते त्यांना लागण होते, पण आजार सरासरी दोनेक वर्षं उशिरा बळावतो, हेही पुढे दिसलं.

हा शोध जगभर गाजला, आणि मराठी वाचकानं इथेच एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ही खूण प्रामुख्यानं उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. त्यांच्यातही साधारण शंभरात एकाच्याच दोन्ही प्रती अशा असतात. आफ्रिकेत आणि पूर्व आशियात ती जवळपास नाहीच, आणि भारतात फार विरळ आहे. म्हणजे एचआयव्हीचा भार ज्या भूभागांवर सर्वांत जास्त पडला, तिथल्या लोकांना या जन्मजात संरक्षणाचा उपयोग नव्हता.

वेग वेगवेगळा का?

लागण टळलेल्यांची गोष्ट आकर्षक खरी, पण थोड्यांची. कोट्यवधींचा प्रश्न वेगळा होता: लागण झाल्यावर पुढे काय?

औषध नसेल तर लागणीपासून एड्सपर्यंत सरासरी दहा वर्षं जातात. या सरासरीच्या पोटात विलक्षण फरक दडलेले आहेत. कुणी दोन-तीन वर्षांत कोसळतो, कुणी पंधरा वर्षं ठणठणीत असतो. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरच्या बाकावर बसलेली माणसं एकमेकांना ‘काउंट किती?’ असं विचारतात तेव्हा हाच फरक आकड्यांत बोलत असतो. सीडी४ पेशींचा काउंट निरोगी माणसात साधारण ५०० ते १५०० असतो. तो २०० च्या खाली गेला की क्षयासारखे संधिसाधू आजार घेरतात. लागणीनंतर काही महिन्यांत रक्तातल्या विषाणूंची संख्या एका पातळीवर स्थिरावते. ती पातळी जितकी वर, तितकी पुढची घसरण वेगवान, हे जॉन मेलर्स यांनी १९९६ मध्ये दाखवलं.

क्वचित संथ घसरणीचं श्रेय विषाणूच्याच दुबळेपणाला द्यावं लागतं. सिडनीत एका रक्तदात्याचं रक्त घेतलेल्या अनेकांमध्ये आजार वर्षानुवर्षं बळावला नाही. तपासाअंती दिसलं की त्या दात्याकडच्या विषाणूतच ‘नेफ’ या जनुकाचा तुकडा गळालेला होता. पण बहुतेक वेळा विषाणू धडधाकट असतो आणि फरक यजमान देहात असतो.

अमेरिकेतले बॉब मॅसी हे अशा देहाचं प्रसिद्ध उदाहरण. जन्मतः हिमोफिलिया असल्यानं त्यांना वारंवार रक्तघटक घ्यावे लागत, आणि त्यांतूनच १९७८ च्या सुमारास एचआयव्ही आला. त्या काळात हिमोफिलियाचे हजारो रुग्ण याच वाटेनं गेले. मॅसी बॉस्टनच्या डॉ. ब्रूस वॉकर यांच्याकडे पोचले तेव्हा लागणीला दीड दशक झालं होतं. एकही औषध चालू नव्हतं आणि काउंट उत्तम होता. त्यांच्या रक्तात वॉकर यांना एचआयव्ही नेमका ओळखणाऱ्या टी पेशींची भक्कम फौज दिसली. इतर रुग्णांमध्ये ती सापडतच नव्हती. ही फौज कुणात उभी राहते आणि कुणात नाही, याचा माग सहाव्या गुणसूत्रापाशी जातो.

शितावरून भाताची परीक्षा

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिनं असतात. पेशीच्या आत जी प्रथिनं तयार होतात, त्यांचे आठ-दहा कड्यांचे बारीक तुकडे ही एचएलए प्रथिनं बाहेर आणून दाखवतात. गस्त घालणाऱ्या टी पेशी शितावरून भाताची परीक्षा करतात: तुकडा ओळखीचा असेल तर पुढे जातात, परका असेल तर ती पेशी मारून टाकतात. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी कॅनबेरात हे तत्त्व १९७४ मध्ये उंदरांवर सिद्ध केलं. त्याबद्दल त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. पामेला बियॉर्कमन यांनी १९८७ मध्ये एचएलए प्रथिनाची रचनाच उलगडली. त्याच्या माथ्यावर एक खोबण होती आणि तुकडा त्या खोबणीत बसलेला होता.

एचएलए ए, बी आणि सी असे तीन मुख्य प्रकार, प्रत्येकाच्या दोन प्रती. जगभरात त्यांची हजारो रूपं आहेत, आणि प्रत्येक रूपाची खोबण थोडी वेगळी. त्यामुळे एकाच विषाणूची लागण झाली, तरी तुमच्या पेशी त्यातलं एक शीत दाखवतात आणि शेजाऱ्याच्या दुसरंच. मेरी कॅरिंग्टन यांच्या चमूनं १९९९ मध्ये दाखवलं की आई-वडिलांकडून एकसारखेच एचएलए मिळालेल्यांमध्ये एड्स लवकर येतो, कारण त्यांच्याकडे दाखवायला कमी प्रकारची शितं असतात. एचएलए-बीचं बी-३५ हे रूप असणाऱ्यांतही आजार झपाट्यानं वाढताना दिसला.

उलट टोकाला बी-५७ होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले स्टीफन मिगेलेस आणि मार्क कॉनर्स यांनी २००० साली औषधाविना टिकून राहिलेल्या १३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ११ जणांकडे बी-५७०१ हा बी-५७ चा पोटप्रकार होता. आजार वाढत गेलेल्या दोनशे जणांत हे प्रमाण दहा टक्केही नव्हतं. बी-२७ चीही अशीच ख्याती झाली.

मग वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठं जाळं टाकलं. औषधाविना विषाणू आटोक्यात ठेवणारे ९७४ जण आणि ज्यांच्यात तो वाढत गेला असे २६४८ जण, अशी तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सगळा जनुकसंच धुंडाळून तीनशेच्या वर खुणा हाती लागल्या. त्या सगळ्या सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलएच्या पट्ट्यातच होत्या. आणखी खोलात गेल्यावर फरक एचएलए-बीच्या खोबणीतल्या मोजक्या जागांपाशी येऊन ठेपला, त्यातही ९७ व्या जागेपाशी. त्या जागी कोणता अमिनो आम्ल-घटक आहे यावर खोबणीत काय बसेल हे ठरतं, आणि त्यावर पुढची कित्येक वर्षं.

बी-५७ असं काय दाखवतं? एचआयव्हीची जनुकं शंकूच्या आकाराच्या एका कवचात असतात. सुमारे अडीचशे षट्कोन आणि नेमके बारा पंचकोन जोडून ते उभं राहतं. या बांधणीत जरा चूक झाली तरी कवच कोसळतं. बी-५७ आणि बी-२७ ही दोन्ही रूपं याच कवचाचे तुकडे टी पेशींपुढे धरतात. एचआयव्ही पटापट बदलतो आणि एरवी टी पेशींना सहज चकवतो. इथे मात्र चकवायचं तर कवचातला कळीचा भाग बदलावा लागतो. बी-५७ पासून सुटण्यासाठी विषाणू २४२ व्या जागी बदल करतो आणि त्याची वाढच मंदावते. बी-२७ पासून सुटायचं तर २६४ व्या जागी बदल करावा लागतो, आणि तो पेलण्यासाठी आधी दुसरीकडे दुरुस्ती. त्यात बरीच वर्षं जातात. विषाणू सुटतो, पण लंगडत सुटतो.

ढालीची दुसरी बाजू

बी-२७ हे नाव मराठी घरांत एचआयव्हीपेक्षा वेगळ्याच कारणानं पोचलेलं आहे. पंचविशी-तिशीतल्या मुलाची पाठ सकाळी आखडते, हालचाल केल्यावर सुटते. डॉक्टर ‘एचएलए बी-२७ करून घ्या’ म्हणतात. कण्याचे सांधे जखडणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसशी या रूपाचा संबंध १९७३ पासून ठाऊक आहे. एचआयव्हीला लंगडा करणारं रूप स्वतःच्या सांध्यांवर उलटू शकतं.

बी-५७०१ ची गोष्ट याहून थरारक आहे. १९९८ च्या अखेरीस अमेरिकेत अबाकावीर हे एचआयव्हीवरचं औषध मंजूर झालं. औषध चांगलं होतं, पण घेणाऱ्यांपैकी पाच ते आठ टक्के लोकांना पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, धाप असा त्रास व्हायचा. गोळ्या थांबवल्या की उतरायचा. मात्र ‘साधाच ताप असेल’ म्हणून त्या पुन्हा सुरू केल्या, तर काही तासांत जीवावर बेतायचं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे सायमन मॅलल यांनी २००२ मध्ये दाखवलं की असा त्रास होणाऱ्यांत बी-५७०१ वाले ठळकपणे जास्त आहेत. ज्या रूपानं एचआयव्हीला रोखलं, तेच या गोळीवर भडकत होतं.

२००८ मध्ये १९ देशांतल्या १९५६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ज्या गटात आधी बी-५७०१ तपासून ते असणाऱ्यांना अबाकावीर दिलं नाही, त्या गटात चाचणीनं पक्की झालेली अशी प्रतिक्रिया एकालाही आली नाही. न तपासलेल्या गटात ती २.७ टक्के होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकानं आधी तपासा, मग गोळी द्या, अशी सूचना केली. जनुकीय खूण बघून औषध ठरवण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण वैद्यकात दुर्मिळ आहे. २०१२ मध्ये कारणही उलगडलं: अबाकावीरचा रेणू नेमका बी-५७०१ च्या खोबणीच्या तळाशी जाऊन बसतो. त्यानं खोबणीचा आकार बदलतो, आपल्याच पेशीची वेगळी शितं वर येतात आणि टी पेशींना आपलं शरीर परकं वाटू लागतं.

इथे भारताचा थेट संबंध येतो. जपान-चीनकडे बी-५७०१ अगदी कमी आढळतं. भारतीयांमध्ये ते त्या मानानं बरंच जास्त आहे. आपल्याकडे अबाकावीर मुलांसाठी आणि टेनोफोवीर न चालणाऱ्या रुग्णांसाठी वापरलं जातं. म्हणून मुंबई-पुण्यापलीकडच्या सेंटरवरही, निदान पहिल्या सहा आठवड्यांत ताप आणि पुरळ दिसताच गोळी थांबवून डॉक्टरांकडे या आणि स्वतःहून ती पुन्हा सुरू करू नका, हे समुपदेशकानं प्रत्येक रुग्णाला आणि प्रत्येक आईला सांगणं जीव वाचवणारं आहे.

विषाणूही शिकतो

या खुणा कायमच्या नाहीत, हे दोन देशांनी दाखवलं. जपानमध्ये सुरुवातीच्या वर्षांत लागण झालेल्या बी-५१ वाल्यांना त्या रूपाचा फायदा मिळत होता. पुढे त्याला चकवणारा बदल झालेला विषाणूच तिथे इतका पसरला की नव्यानं लागण होताना तो तयार होऊनच येऊ लागला, आणि फायदा सरला. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. २०१४ मध्ये फिलिप गोल्डर आणि सहकाऱ्यांनी बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन यांची तुलना केली. बोट्स्वानात साथ आधी भडकली आणि जास्त पसरली. तिथे बी-५७ चं संरक्षण नाहीसं झालं होतं, डर्बनमध्ये टिकून होतं.

म्हणजे एका देशातल्या एका दशकातली ‘चांगली’ खूण दुसरीकडे, दुसऱ्या दशकात तितकी चांगली राहीलच असं नाही. आणि तिचं वजन तरी किती? युरोपीय वंशाच्या ६३१५ जणांच्या २०१५ मधल्या अभ्यासानुसार विषाणूंच्या स्थिर पातळीतल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा यजमानाच्या जनुकांनी समजावता येतो, आणि त्यातलाही मोठा वाटा एचएलए व सीसीआर५ चा. बी-५७ असलेली माणसंही एड्सनं गेली आहेत. बी-३५ असलेली वर्षानुवर्षं तगली आहेत.

आपली माणसं कुठे आहेत?

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ मध्ये, तेव्हाच्या मद्रासमध्ये. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीनं शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले, आणि वेल्लोरला तपासणीत त्यांतले सहा पॉझिटिव्ह निघाले. सुनीती माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबातल्या. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावानं वाय. आर. गायतोंडे केंद्र सुरू केलं. त्याआधी एक वर्ष, ऑक्टोबर १९९२ मध्ये, पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे सगळ्यांची ‘नारी’, उभी राहिली. औषधाविना टिकून राहिलेल्या रुग्णांच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास तिथे झाला. मुंबईतही परळच्या केईएमच्या आवारातल्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत एचआयव्ही रुग्णांचे एचएलए प्रकार तपासले गेले.

हे काम महत्त्वाचं होतं, पण आकारानं लहान. खुणांचे मोठे नकाशे युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढले गेले, आणि अमेरिका-युरोपात प्रामुख्यानं विषाणूचा ‘बी’ उपप्रकार आहे. भारतात जवळजवळ सगळीकडे ‘सी’ उपप्रकार. विषाणू वेगळा, एचएलएची मांडणी वेगळी. तिथला नकाशा इथे जसाच्या तसा लागू होणार नाही. दुसरीकडे शोधलं की नवं सापडतं, याचा पुरावा २०२३ मध्ये आला. आफ्रिकी वंशाच्या ३८७९ जणांच्या अभ्यासात पहिल्या गुणसूत्रावर, सीएचडी१एल जनुकाजवळ, विषाणूची पातळी कमी ठेवणाऱ्या खुणा मिळाल्या. त्या जवळपास फक्त आफ्रिकी वंशातच असल्यानं युरोपीय नमुन्यांत कितीही शोधलं असतं तरी दिसल्या नसत्या. भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राची संख्या सर्वांत मोठी आहे. त्यांच्या जनुकांचा एवढा मोठा अभ्यास अजून व्हायचा आहे.

मोजक्यांकडून सगळ्यांकडे

सीसीआर५ च्या शोधातून २००७ मध्ये मॅरॅव्हिरॉक ही गोळी आली. क्रोन यांच्यात जे जन्मतः बंद होतं ते ती औषधानं बंद करते. त्याच वर्षी बर्लिनमध्ये गेरो ह्यूटर यांनी टिमथी रे ब्राउन या एचआयव्ही रुग्णाच्या रक्ताच्या कर्करोगासाठी अस्थिमज्जेचा दाता निवडताना मुद्दाम दोन्ही प्रतींत ती बत्तीस अक्षरं गाळलेला माणूस शोधला. कर्करोगासाठी पुढच्या वर्षी पुन्हा प्रत्यारोपण करावं लागलं, पण एचआयव्ही परतला नाही. ब्राउन २०२० मध्ये कर्करोग उलटल्यानं गेले. एचआयव्हीतून बरे झालेले ते जगातले पहिले. लंडनचे अ‍ॅडम कास्तिएखो यांच्यासह मोजके जण त्याच वाटेनं बरे झाले. पण प्रत्यारोपण स्वतःच प्राणघातक ठरू शकतं, त्यामुळे कर्करोग नसलेल्या माणसासाठी ही वाट नाही. २०१८ मध्ये चीनचे संशोधक हे च्यानक्वे यांनी भ्रूणातच सीसीआर५ बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं, तेव्हा जग हादरलं आणि त्यांना तीन वर्षांची कैद झाली. सीसीआर५ नसलेल्यांना वेस्ट नाइल विषाणूचा त्रास जास्त होतो, हे २००६ पासून माहीत होतं. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं.

बी-५७ नं ज्या कवचाकडे बोट दाखवलं, त्यावर आज लेनाकापावीर हे औषध काम करतं. त्याला चुकवायला विषाणू कवच बदलतो तेव्हाही तो बहुधा दुबळा होतो. लागण टाळण्यासाठी त्याची वर्षातून दोन इंजेक्शनं घेणाऱ्या दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २१३४ तरुण स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही, असा निष्कर्ष २०२४ मध्ये आला. त्याची स्वस्त आवृत्ती बनवण्याचा परवाना ज्या सहा कंपन्यांना मिळाला, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे.

आता कुणाच्याही गोळ्या एचएलए बघून लांबवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. २०१५ मध्ये ३५ देशांतल्या ४६८५ जणांच्या चाचणीत काउंट चांगला असतानाच औषध सुरू केल्यानं गंभीर आजार आणि मृत्यू ५७ टक्क्यांनी घटले. भारतात २०१७ पासून काउंट कितीही असो, पॉझिटिव्ह येताच उपचार सुरू होतात. त्यामुळे औषधाविना आजार कसा वाढतो हे पाहण्याचे अभ्यास संपले, आणि ते संपायलाच हवे होते. मागे राहिलं ते त्या आधीच्या काळात पुण्यात, मुंबईत, चेन्नईत लोकांनी दिलेल्या रक्तावरचं काम आणि त्यांच्या नोंदी. तशी माहिती पुन्हा गोळा करता येणार नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संशोधनाला रुग्णाची माहितीपूर्ण संमती लागते आणि त्याची ओळख गुप्त ठेवावी लागते. त्या चौकटीत राहून, रुग्णांच्या संघटनांना सुरुवातीपासून सोबत घेऊन, ‘सी’ उपप्रकार आणि भारतीय एचएलए यांचा मोठा नकाशा काढणं शक्य आहे. त्याच्या जोडीला अबाकावीर सुरू करण्याआधी बी-५७०१ ची चाचणी जिल्ह्याच्या सेंटरवर परवडेल अशी करणं, ही या संशोधनातून आपल्या रुग्णांना आजच मिळू शकणारी गोष्ट आहे.